दोन दिवस मुरूड-जंजिऱ्यासाठी

सुट्ट्या जवळ आल्या की घरोघरी एकच प्रश्न निघतो : मुलांना न्यायचे कुठे? महाबळेश्वर, लोणावळा पाहून झालेले असते आणि खर्चही आता झेपत नाही. म्हणून या महिन्यात आम्ही वाचक बंधु-भगिनींना आपल्याच रायगड किनाऱ्यावरचे एक लहान गाव सुचवतो : मुरूड. शनिवार-रविवार पुरेसा होतो. आणि जे लोक आफ्रिका पाहायला लाखो रुपये खर्चतात, त्यांना ठाऊक नसलेला आफ्रिकेचा एक धागा इथे पाहायला मिळतो.

पश्चिम आफ्रिकेत घानाच्या किनाऱ्यावर एल्मिना नावाचे असेच मासेमारीचे गाव आहे. तिथे पोर्तुगीजांनी १४८२ साली किल्ला बांधला. पुढे त्याच किल्ल्यातून असंख्य आफ्रिकी माणसे गुलाम म्हणून जहाजांत कोंबून अमेरिकेकडे नेली गेली. आपल्या जंजिऱ्याची हकिकत वेगळी आहे. इथले सिद्दी मूळचे पूर्व आफ्रिकेतल्या हबशाचे, म्हणजे आजच्या इथिओपियाकडचे. त्यांच्यातलेही बरेच जण गुलाम म्हणूनच दख्खनेत आले. पण इथे त्यांच्या हाती तलवार आली, मग जहाजे आली आणि शेवटी राज्य आले. सतराव्या शतकापासून १९४८ पर्यंत जंजिरा संस्थान टिकले. ‘जंजिरा’ हा शब्द अरबी ‘जझिरा’ म्हणजे बेट, यावरूनच आला.

आता प्रवासाचे. मुंबईहून जाणाऱ्यांनी शनिवारी फजरनंतर लगेच निघावे. स्वतःची गाडी असेल तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडव्याला उतरता येते. गाडी नसेल तर गेटवेवरून लाँच आहे किंवा पेणमार्गे एस.टी. आहे. अलिबाग ते मुरूड सुमारे ५० किलोमीटर. रस्ता अरुंद आणि वळणांचा, घाई करू नये. वाटेत रेवदंडा, मग साळावचा पूल, पुढे काशीद, नांदगाव. जवळच फणसाडचे अभयारण्य आहे. ते पूर्वी नवाबांचे शिकारीचे रान होते, आता तिथे शेकरू दिसते.

सफरीत कसर नमाजची मुभा आहे. कोकणातले आपण बहुतेक शाफई, तर घाटावरचे बरेच वाचक हनफी. अंतर व नमाज एकत्र करण्याचे मसले वेगवेगळे आहेत, म्हणून निघण्यापूर्वी आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. मुरूडमध्ये मशिदी आहेत, हलाल जेवणाची अडचण नाही. एखाद्या घरगुती खानावळीत आदल्या दिवशी सांगून ठेवले तर तांदळाची भाकरी आणि नारळाच्या रसातले माशांचे कालवण ताजे मिळते.

संध्याकाळी मुले पाण्यात जाण्याचा हट्ट धरतील. इथे आई-बापांनी कठोर व्हावे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी याच मुरूडच्या समुद्रात बुडाले. समुद्र वरून शांत दिसतो, ओहोटीची ओढ दिसत नाही. भरती-ओहोटीची वेळ स्थानिक कोळी बांधवांना विचारावी, घोट्याच्या पुढे पाण्यात जाऊ नये, आणि लहानांवर एका मोठ्या माणसाने नुसती नजर ठेवून बसावे. त्या वेळी हातात मोबाईल नको.

रविवारी सकाळी लवकर राजपुरी गाठावे. तिथून होडी किल्ल्यावर नेते. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असते, म्हणून ऑक्टोबर ते मे हेच दिवस धरावेत. वृद्धांना चढता-उतरताना दोघांनी हात द्यावा. जवळ जाईपर्यंत किल्ल्याचा दरवाजा नीट दिसत नाही. आत भर समुद्रात गोड्या पाण्याचे तलाव आहेत, मशीद आहे, पडके वाडे आहेत आणि बुरुजावर कलाल बांगडी नावाची प्रचंड तोफ आहे.

इथेच मुले तो प्रश्न विचारतील : “आपण कोणाच्या बाजूचे?” शाळेच्या पुस्तकात सिद्दी शत्रू असतो. शेजारच्या मुलाने काही बोललेले असते. आम्हाला वाटते, याचे उत्तर घाईने देऊ नये आणि टाळूही नये. छत्रपती शिवाजी महाराजांनी आणि संभाजी महाराजांनी हा किल्ला घेण्याचा प्रयत्न केला, तो मिळाला नाही. समोर समुद्रात महाराजांनी उभारलेला पद्मदुर्ग दिसतो, तोही मुलांना दाखवावा. पण त्याच महाराजांच्या आरमारात दौलतखान हा मुसलमान सरदार होता. १६२४ साली भातवडीच्या लढाईत हबशी मलिक अंबर आणि शहाजीराजे एकाच बाजूने लढले. सिद्दी आधी निजामशाहीचे, मग आदिलशाहीचे, मग मोगलांचे चाकर झाले. १६८९ मध्ये सिद्दी याकूतखानाने मुंबईत इंग्रजांनाच वेढले. ही लढाई समुद्राची, जकातीची आणि सत्तेची होती. दीनाची म्हणून ती सांगणे चुकीचे. किनाऱ्यावरच्या गरीब रयतेने मात्र सर्वांच्या मोहिमांचा मार सोसला. हे सगळे मुलाला समजले तर तो मान खाली घालणार नाही आणि उगाच छाती फुगवून भांडणारही नाही.

मुलींना आणखी एक गोष्ट सांगावी. जंजिऱ्याच्या नवाबाची बेगम नाझली रफिया सुलतान १९०८ साली युरोपला गेली आणि तिने ‘सैर-ए-युरोप’ हे प्रवासवर्णन उर्दूत लिहिले. आपल्या घरातली मुलगी दोन दिवसांच्या सफरीनंतर दोन पाने लिहू शकणार नाही का?

किल्ल्यावरून उतरल्यावर जवळच खोकरीच्या घुमट्या पाहाव्यात. तिथे सिद्दी सरदारांच्या कबरी आहेत. आवाज न करता उभे राहावे, मरहूमांसाठी दुआ करावी, कबरीवर टेकून फोटो काढू नयेत. किल्ला आणि या घुमट्या दोन्ही पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. भिंतींवर नावे कोरणाऱ्यांत आपल्या मुलाचे नाव नको. मुरूडजवळचा नवाबांचा राजवाडा खासगी आहे, तो रस्त्यावरूनच पाहावा. वेळ उरला तर आगरदांड्याहून जंगल जेट्टीने दिघीला उतरून श्रीवर्धन करता येते. तेही जंजिरा संस्थानातच होते आणि पहिल्या भट पेशव्याचे, बाळाजी विश्वनाथांचे, ते गाव.

सोबत घ्यायचे : पाण्याच्या बाटल्या, टोप्या, जानमाज, वृद्धांची औषधे आणि कचऱ्यासाठी एक पिशवी. किल्ल्यावर आपण नेलेले सर्व परत आणावे.

जे कुटुंब जाऊन येईल, त्यातल्या मुलांनी किल्ल्यावर काय विचारले आणि तुम्ही काय उत्तर दिले, ते आम्हाला जरूर लिहून पाठवा. इन्शाअल्लाह, निवडक पत्रे याच सदरात छापू.