नाव आपलं, प्रश्नचिन्हं कोणाची?

राजेहो, परवा एका कार्यालयातून दाखला आणला. गावाच्या रकान्यात छापलं होतं: ????????. मोजून आठ प्रश्नचिन्हं. खिडकीवरचे साहेब म्हणाले, "कॉम्प्युटरले मराठी जमत नाही. इंग्रजीत अर्ज करा."

साफ चूक! देवनागरी युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत, १९९१ पासून आहे. जमत नाही ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला.

आठच प्रश्नचिन्हं का? कॉम्प्युटरच्या हिशेबात 'कळमेश्वर' म्हणजे आठ खुणा: क, ळ, म, मात्रा, श, पाय मोडल्याची खूण, व, र. विंडोजच्या आत प्रत्येकीला दोन बाइट. फाइलमध्ये किंवा डेटाबेसमध्ये टाकताना त्यांचं रूपांतर होतं. यूटीएफ-८ निवडलं तर प्रत्येकीला तीन, एकूण २४ बाइट, आणि काहीच हरवत नाही. पण जुनं युरोपीय कोडपेज निवडलं, तर तिथे 'ळ'ला जागाच नाही. मग त्या जागी '?' बसतं. तसंच सेव्ह झालं की मूळ नाव त्यातून परत निघत नाही.

दुसरी तऱ्हा, रकाना २० बाइटांचा ठेवायचा. सहा खुणा बसतात, 'व' अर्धवट तुटतो, आणि गाव 'कळमेश्'वर संपतं.

खरा संताप याचा की विंडोजचं हेच फंक्शन किती जागा लागेल ते आधी सांगतं. जुन्या कोडपेजमध्ये अक्षर बसलं नाही तर तेही कळवतं. विचारायचे कष्ट कोणी घेत नाही!

भुर्दंड कोणाला? कागदावर नाव जुळत नाही म्हणून प्रतिज्ञापत्र करणाऱ्या शेतकऱ्याला, शिष्यवृत्तीचा अर्ज अडकलेल्या पोरीला. इंग्रजीत लिहा म्हणता, तर Kalmeshwar की Kalameshwar, तिथे नवा घोळ.

राजभाषा अधिनियम १९६४ चा. ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जाही मिळाला. हारतुरे झाले, आता एवढंच करा:

१) निविदेत अट घाला: सगळीकडे यूटीएफ-८.
२) रकान्याची लांबी मराठी धरून ठरवा.
३) बिल काढण्याआधी ळ, ज्ञ, ऱ्या असलेली नावं टाकून, छापून बघा.

तुमच्या कागदावर अशी प्रश्नचिन्हं असतील तर खाली सांगा. फोटो टाकताना नंबर झाका. सगळे मिळून निवेदन देऊ. इंग्रजीत अर्ज करणार नाही, बाप्पा!