जवळचे आकाश

मनुष्याची दृष्टी दूरच्या गोष्टींकडे लवकर वळते. १९६९ साली त्याने चंद्रावर पाऊल ठेवले. परंतु आपल्या डोक्यावरील पहिल्या एक-दोन किलोमीटर हवेत या क्षणी काय चालले आहे, हे त्याला आजही नीटसे सांगता येत नाही. वास्तविक आपले सारे जीवन याच थराच्या तळाशी चालते. धुके येथेच दाटते, धूर येथेच कोंडतो आणि सायंकाळी वळीव कोसळेल की नाही, हेही पुष्कळदा येथील उष्णतेवर व ओलाव्यावर ठरते.

हा थर मोठा चंचल आहे. उन्हाने जमीन तापली की हवा उसळते आणि थर उंच होत जातो. रात्री जमीन निवली की तो खाली बसतो. त्याचे हे पालटते रूप टिपावे कसे? हवामानाचे फुगे बहुधा दिवसातून दोनदाच सोडतात आणि ते हा थर काही मिनिटांत ओलांडून जातात. मोजणीचे मनोरे उंचीला तोकडे पडतात. ही उणीव लहान वैमानिकरहित विमानांनी, म्हणजेच ड्रोननी, भरून काढावी, असे मला वाटते.

ही कल्पना अगदी नवी नाही. १७४९ साली स्कॉटलंडमध्ये अलेक्झांडर विल्सन यांनी पतंगांना तापमापके बांधून उंचावरील हवेचे तापमान मोजले होते. तीच जिज्ञासा जुलै २०१८ मध्ये अमेरिकेतील कोलोराडो राज्यात, सान लुइस खोऱ्यात दिसून आली. डोंगरांनी वेढलेल्या या बटाट्याच्या मुलखात अनेक संस्थांच्या संशोधकांनी सुमारे आठवडाभरात १,२०० हून अधिक उड्डाणे केली. पहाटे उतारांवरून ओघळणारी थंड हवा कशी वाहते, ऊन चढताना थर कसा बदलतो आणि वादळी ढग कसे जन्मतात, हे त्यांनी अनेक ठिकाणांहून एकाच वेळी न्याहाळले.

कोणी म्हणेल, ही चिमुकली याने जोराच्या वाऱ्यापुढे हतबल होतात, त्यांची बॅटरी लवकर संपते आणि मोठ्या विमानांना त्यांच्यापासून धोका संभवतो. हे आक्षेप खरे आहेत. म्हणूनच त्यांनी फुग्यांची जागा न घेता त्यांना साथ द्यावी, आणि रीतसर परवानगी घेऊनच आकाशात जावे. परंतु अडचणी आहेत म्हणून हे साधन दूर सारणे शहाणपणाचे नाही. उद्याच्या धुक्याची अथवा वादळाची सूचना वेळीच मिळाली, तर एखाद्याचे पीक वाचेल, एखाद्याचे प्राणही वाचतील. दूरच्या ताऱ्यांचा शोध अवश्य चालू राहो. पण अंगणावरच्या आकाशाची विचारपूस करण्यास आपण विसरता कामा नये.