गीझर म्हणजे माठ नव्हे

मे महिना उजाडला की दुबईतल्या मराठी व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हमखास फिरतो. 'नवीन मंडळींसाठी टिप : गीझर बंद करा. आता थंड नळाला गरम पाणी येईल आणि गरम नळाला थंड!' खाली टाळ्या, हसरे चेहरे, आणि इथे पंधरा-वीस वर्षं काढलेल्या एखाद्या काकांचं 'आम्ही तर पहिल्या वर्षापासून हेच करतो'. आखातात येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या उन्हाळ्यात कोणीतरी ही युक्ती शिकवतंच. मीठमिरची कुठे मिळते याच्याही आधी.

माझा या युक्तीला विरोध आहे. ती अजिबात चालत नाही म्हणून नव्हे. ती थोडीफार चालते, आणि तेवढ्यावर आपण गप्प बसतो, म्हणून.

न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये बसून हे वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं स्थलवर्णन. इंटरनॅशनल सिटी म्हणजे वाळवंटाच्या कडेला, ड्रॅगन मार्टच्या शेजारी वसवलेली, चुटक्या इमारतींची वस्ती. चीन, फ्रान्स, पर्शिया, स्पेन, मोरोक्को अशी देशांची नावं दिलेले विभाग आहेत आणि प्रत्येकाच्या दर्शनी भागाला त्या त्या देशाचा मुलामा आहे. आत मात्र सगळीकडे तोच स्टुडिओ, तोच वन बेडरूम, तेच दीड माणसाचं न्हाणीघर. पाम आणि मरिनाच्या जाहिरातींत न दिसणारी दुबई इथे राहते : दुकानातले सेल्समन, नर्सेस, हिशेबनीस, नुकतंच लग्न झालेली जोडपी, एका खोलीत चौघं-सहाजण राहणारी पोरं, आणि माझ्यासारखे पोस्टडॉक, ज्यांच्या नावामागे डॉक्टर लागतं पण घरभाडं मात्र इथलंच परवडतं. सरकारी नळाचं पाणी इमारतीच्या खालच्या टाकीत येतं, पंपानं गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि तिथून घराघरांत उतरतं. जुलै-ऑगस्टमध्ये दिवसाची हवा चाळिशीच्या वर असते आणि रात्रीचा पारासुद्धा तिशीच्या आसपास अडून राहतो. टाकीतलं पाणी दिवसभर उन्हात शिजतं. संध्याकाळी कामावरून आल्यावर नळाखाली हात धरला तर झटक्यात मागे घ्यावा लागतो.

आता युक्तीकडे येऊ. तिच्यामागची कल्पना अशी की गीझर घरात, एसीच्या गारव्यात असतो. तो बंद ठेवला की त्यातलं पाणी घराच्या तापमानाला येतं. म्हणजे माठच की! नाही, माठ नव्हे. माठ गार होतो कारण तो झिरपतो आणि झिरपलेलं पाणी वाफ होऊन जाताना उष्णता घेऊन जातं. गीझरची टाकी झिरपत नाही, झिरपलीच तर प्लंबरला बोलवावं लागतं. उलट तिच्याभोवती फोमचा जाड थर असतो आणि त्याचं कामच उष्णता इकडची तिकडे जाऊ न देणं हे आहे. हा थर दोन्ही बाजूंनी सारखाच इमानदार असतो. हिवाळ्यात तो गरम पाणी गरम ठेवतो, तर उन्हाळ्यात गच्चीवरून आलेलं ऊनऊन पाणीही तितक्याच निष्ठेनं ऊनऊन ठेवतो.

माझी पीएचडी उष्णतेच्या वहनावरच असल्यामुळे मला आकडेमोड केल्याशिवाय राहवत नाही. पन्नास लिटरचा बऱ्यापैकी गीझर धरा. आतलं पाणी खोलीपेक्षा ४५ अंशांनी गरम असताना तो दिवसाला साधारण एक युनिट उष्णता गमावतो असं माना. आता त्यात ४२ अंशांचं पाणी भरा आणि खोली २६ अंशांवर ठेवा. रात्रभरात, म्हणजे आठ तासांत, पाणी किती उतरेल? जेमतेम दोन अंश. पूर्ण दिवस हात न लावता ठेवलंत तर पाचेक अंश. आणि न्हाणीघरातला गीझर बहुतेक वेळा फॉल्स सीलिंगच्या वर, जिथे एसीची झुळूकही पोचत नाही, अशा जागी बसवलेला असतो. कोणाच्या गीझरमधलं पाणी सकाळी खरोखर गारेगार येत असेल, तर दोनच शक्यता. एक, पहाटे गच्चीवरची टाकी त्यातल्या त्यात निवलेली असताना तो भरला गेला. दुसरी, त्याच्या फोमचं केव्हाच वाटोळं झालं आहे आणि हिवाळ्यात तोच गीझर तुमची वीज खातो आहे.

हे मी गटावर लिहिलं तेव्हा एका काकांचं उत्तर आलं, "अगं, तू डॉक्टरेट केलीस, आम्ही दुबई केली." वाक्य झकास आहे, मीही हसले. पण पाणी दोन अंशच उतरतं.

खरा मुद्दा मात्र गारव्याचा नाहीच. चार महिने बंद असलेला गीझर म्हणजे कोमट पाण्याचा डबा. १९७६ साली फिलाडेल्फियात माजी सैनिकांच्या संमेलनात न्यूमोनियाची साथ आली आणि तिचा माग काढताना जो जिवाणू सापडला, त्याला त्या सैनिकांच्या संघटनेवरूनच लेजिओनेला हे नाव मिळालं. त्याला आवडतं तापमान साधारण २५ ते ४५ अंश. साठ अंशांवर तो टिकत नाही. म्हणून गरम पाणी साठवायचं तर साठला साठवा आणि गार पाणी असेल तर खरोखर गार ठेवा, असं जगभरचे आरोग्याचे नियम सांगतात. मधला पट्टा धोक्याचा, आणि आपण उन्हाळाभर नेमके तिथेच असतो. पाण्यातलं उरलंसुरलं क्लोरिनसुद्धा उष्णतेनं आणि साचून राहिल्यानं लवकर उडतं. हा आजार पाणी पिऊन होत नाही, शॉवरचे बारीक तुषार श्वासात गेले की होतो. धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही. पण साठी ओलांडलेले, मधुमेही, सिगारेट ओढणारे, दम्याचे रुग्ण यांची गोष्ट वेगळी. आता आठवा, आपल्याकडे व्हिजिट व्हिसावर कोण येऊन राहतं? आईबाबा. आणि त्यांना आपण कौतुकानं कोणता नळ दाखवतो?

आमच्या इमारतीत हा जिवाणू आहे असं मी म्हणत नाही. त्याला हवं तसं घर आपण बांधून देतो आणि वर त्याला हुशारी म्हणतो, एवढंच म्हणते आहे.

बरं, पाण्याच्या टाकीची निगा कशी राखायची हे आपल्याला कळत नाही अशातला भाग नाही. डिसेंबर-जानेवारीत इथल्या मराठी मंडळींना वाळवंटात मुक्कामाला जायची हौस येते. कोणी अल कुद्राला तंबू ठोकतो, कोणी हत्ताच्या डोंगरात जातो, आणि चार कुटुंबं मिळून एखादी कॅरव्हॅन भाड्यानं घेतली की त्यातल्या गीझरवर तास-दीड तासाचं प्रवचन होतं. तो गीझर असतो सहा गॅलनचा, म्हणजे साधारण तेवीस लिटर. आधी टाकी भरायची, मग गरम नळ उघडायचा, फुसफुस थांबून सलग धार आली की समजायचं टाकी भरली, आणि तेव्हाच विजेचं बटण दाबायचं. कोरड्या टाकीत कॉइल तापली की क्षणात जळते. बायपासचा कॉक फिरलेला आहे का ते बघायचं, नाहीतर टाकी रिकामी राहून पाणी परस्पर पुढे जातं. गॅसवर चालवत असाल तर बाहेरच्या जाळीसमोर खुर्च्या-चटया लावायच्या नाहीत, धूर कोंडला तर जिवावर बेततं. सेफ्टी व्हॉल्व्हला गरम असताना हात लावायचा नाही. पोलादी टाकी असेल तर आतली झिजणारी कांडी बघायची. टाकी गंजण्याऐवजी ती गंजते, तेवढ्यासाठीच ती घातलेली असते. आणि परत निघताना टाकी पूर्ण रिकामी करायची, कारण साचलेलं पाणी नासतं.

हिशेबही चोख असतो. साठ अंशांचं तेवीस लिटर पाणी वीस अंशांच्या पाण्यात कालवलं तर आंघोळीजोगं सेहेचाळीस लिटर होतं. म्हणजे दोन बादल्या आणि वर दोन-तीन तांबे. माणसं दहा. मग अंग ओलं करा, नळ बंद, साबण, नळ चालू, बाहेर या. लहान मुलांनासुद्धा हे पाठ होतं. वाळवंटात रात्री थंडी असते, रांगेत पुढे कोण यावरून थट्टामस्करी चालते, पण टाकीत किती पाणी आहे, किती तापलं आहे आणि केव्हा काढून टाकायचं आहे हे प्रत्येकाला ठाऊक असतं. सोमवारी तीच माणसं आपापल्या फ्लॅटमध्ये परततात. त्यांना त्यांच्या गीझरचा थर्मोस्टॅट कुठे आहे विचारा. गीझर किती लिटरचा आहे ते विचारा. शेवटचा कधी उघडून धुतला ते तर विचारूच नका.

यात नवं काही नाही. आपल्या घरांतून तांब्याचा बंब होता तेव्हा याहून वेगळं काय होतं? आधी पाणी, मग जाळ. जेवढं काढाल तेवढं ओता. रिकाम्या बंबाला जाळ लागला तर झाळ सुटणार आणि बंब गळणार, हे शाळेत न गेलेल्या आजीलाही माहीत होतं. दिवाळीच्या आधी तो चिंचेनं लख्ख घासला जाई. बंबाला मालक होता. कॅरव्हॅनच्या गीझरलाही दोन दिवसांपुरता का होईना, मालक असतो. फ्लॅटमधल्या गीझरला तो नाही. भाडेकरू म्हणतो घरमालकाचा आहे, घरमालक म्हणतो देखभाल करणारी कंपनी बघेल, कंपनी म्हणते तक्रार नोंदवा, आणि नातूर (इथे वॉचमनला नातूर म्हणतात) म्हणतो, "मॅडम, गीझर बंद करून टाका, गरम नळाला थंड येईल." युक्ती फिरून पुन्हा तिथेच.

गीझर चालू ठेवण्यावरून घराघरांत होणाऱ्या भांडणांबद्दल दोन ओळी लिहून तो विषय संपवते. हिवाळ्यात 'बटण बंद केलंस का?' हे वाक्य ऐकलं नाही असं मराठी घर नसेल. पन्नास लिटर पाणी वीसवरून साठला न्यायला सव्वादोन-अडीच युनिट लागतात, ती वीज आंघोळ करायची तर लागणारच. दिवसभर बटण चालू राहिल्यानं वाया जाते ती वीज दिवसाला युनिटभर. पहिल्या टप्प्यातला मूळ दर युनिटला २३ फिल्स. म्हणजे अधिभार, कर सगळं धरून महिन्याला दहा दिरहमच्या आत. तेवढ्यासाठी नवराबायकोंनी बोलणं टाकू नये. बिलात खरा जीव काढतो तो एसी आणि वार्षिक भाड्याच्या पाच टक्क्यांची घरपट्टी, जी 'देवा'च्या बिलातून दरमहा वसूल होते. (वीज-पाणी खात्याच्या या नावावरचे सगळे विनोद करून झालेले आहेत.) आणि काटकसर म्हणून थर्मोस्टॅट चाळीसवर ठेवणारे असतील, त्यांनी कृपया वर जिवाणूबद्दल लिहिलेला परिच्छेद पुन्हा वाचावा. साठवर ठेवा आणि नळाशी गार पाणी मिसळा. लहान मूल असेल तर आधी गार नळ सोडा, साठ अंशांच्या पाण्यानं काही सेकंदांत भाजतं.

आता माझा मूळ राग. गच्चीवरची टाकी उन्हात उघडी का आहे? तिच्यावर साधं छप्पर का नाही? गच्चीवरून उतरणाऱ्या पाइपांना वेष्टण का नाही? दुबईत पाण्याचे चिलर बसवलेल्या इमारती आहेत, त्यांची भाडी वेगळी, हे मला समजतं. पण सावली ही काही चैनीची वस्तू नाही. या देशात १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायला कायद्यानं बंदी आहे. त्या वेळचं ऊन माणसाला सोसत नाही हे सरकारनं मान्य केलेलं आहे. त्याच उन्हातून सुटून आलेला माणूस घरी येतो आणि ज्या पाण्यानं अंग निववायचं, ते त्या अडीच तासांतही गच्चीवर तापतच होतं. डिलिव्हरीच्या मोटरसायकलवरून आलेली आमच्या मजल्यावरची पोरं आधी बादली भरून एसीखाली ठेवतात आणि तासाभरानं आंघोळ करतात. त्यांच्या वाट्याला गीझरची युक्तीही येत नाही, कारण सहाजणांत एक गीझर, पहिल्या दोघांतच रिकामा.

'भाडेकरूनं काय मागायचं?' असं विचारणाऱ्यांना, मागण्यासारखं पुष्कळ आहे. दुबईच्या भाडेकरार कायद्याचं, २००७ च्या २६ क्रमांकाच्या कायद्याचं, १६ वं कलम सांगतं की करारात वेगळं ठरलं नसेल तर देखभाल आणि वापरात अडथळा आणणारा बिघाड दुरुस्त करणं ही घरमालकाची जबाबदारी. किरकोळ दुरुस्ती भाडेकरूकडे असं बऱ्याच करारांत लिहिलेलं असतं, पण अख्ख्या इमारतीची पाण्याची टाकी कोणत्या अर्थानं किरकोळ आहे? टाकी वेळोवेळी मान्यताप्राप्त कंपनीकडून धुऊन घ्यावी लागते. ती केव्हा धुतली याचा कागद लिफ्टशेजारी लावा, एवढं मागायला वकील लागत नाही. भाडं वाढवतील ही भीतीही अर्धीच खरी, कारण करार बदलायचा तर नव्वद दिवस आधी कळवावं लागतं आणि वाढ किती करता येईल हे सरकारी निर्देशांकावर ठरतं, मालकाच्या मनावर नाही.

आणि तोवर? गीझर बंद ठेवायचाच असेल तर ठेवा, मी काही दारोदार बटणं तपासत फिरणार नाही. पण ऑक्टोबरअखेरीस तो चालू कराल तेव्हा आधी प्लंबर बोलावून टाकी रिकामी करून घ्या, कांडी आणि सेफ्टी व्हॉल्व्ह बघून घ्या, मग भरा, मग साठपर्यंत तापवा आणि खिडकी नाहीतर पंखा चालू ठेवून, तोंड लांब धरून गरम नळ काही मिनिटं वाहू द्या. शॉवरची चाळणी काढून घासा. कॅरव्हॅनच्या गीझरसाठी जे न चुकता करता, तेच.

आमच्या इमारतीपुरता मी एक अर्ज लिहिला आहे, इंग्रजीत आणि अरबीत. मागण्या तीन : टाकीवर छप्पर, पाइपांना वेष्टण, धुलाईचा कागद लिफ्टपाशी. आतापर्यंत अकरा घरांच्या सह्या झाल्या. त्यांत एक फिलिपिनो नर्स, एक केरळी कुटुंब, मोटरसायकलवाली सहाही पोरं. मराठी घरं इमारतीत चार आहेत, सही एकाची, तीही माझीच. बाकी तिघांनी मला टिप पाठवली आहे.