ओंजळीतले पाणी आणि शिरेतले पाणी

गेल्या श्रावणातील गोष्ट. मधली सुट्टी नुकतीच संपली होती आणि सातवीच्या वर्गात मी एकनाथांची कथा सांगत होतो. काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड नाथांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती केली, तो प्रसंग. इतक्यात एक मुलगा धापा टाकीत दाराशी आला. "सर, मोत्याला टेम्पोनं ठोकरलं!"

मोत्या हा आमच्या शाळेचा कुत्रा. हजेरीपटावर त्याचे नाव नाही एवढेच; एरवी प्रार्थनेपासून शेवटच्या घंटेपर्यंत त्याची हजेरी कोणाही विद्यार्थ्याहून अधिक. फाटकाशी जाऊन पाहतो तो मागच्या मांडीला खोल जखम होऊन रक्ताचे थारोळे साचलेले. दोन मुलींनी तांब्या आणला होता आणि ओंजळीने त्याच्या तोंडात पाणी घालण्याची खटपट चालविली होती. मी त्यांना थांबविले. मुली माझ्याकडे आश्चर्याने पाहू लागल्या. आताच तर मी नाथांची कथा सांगत होतो!

वाचकहो, हे शहाणपण मला फार महाग पडले आहे. बारा वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका शाळेत असताना, अशीच एक कुत्री वाहनाखाली सापडली. अंगावर जखम दिसत नव्हती. मी तिला झाडाखाली निजविले, थोडे दूध पाजले आणि "घाबरली आहे, धक्का बसला आहे, उठेल आपोआप" असे सांगून मुलांना वर्गात नेले. शाळा सुटेपर्यंत ती थंडगार पडली होती. पुढे एका पशुवैद्यांनी उलगडा केला, की पोटाच्या आत रक्तस्राव झाला असावा आणि ती 'शॉक'ने गेली असावी.

या एका शब्दाने मला फसविले होते. आपल्या भाषेत धक्का बसतो तो मनाला, नाहीतर विजेचा. वैद्यकातील शॉकचा अर्थ निराळा आहे. कुत्र्याच्या शरीरात दर किलो वजनामागे सुमारे ८० ते ९० मिलिलिटर रक्त असते. म्हणजे पंधरा किलोच्या कुत्र्यात जेमतेम सव्वा लिटर. त्यातील बरेचसे वाहून गेले, की उरलेले रक्त हृदय आणि मेंदू यांच्यासाठी राखण्याकरिता शरीर ते कातडी, हिरड्या आणि आतडी यांच्याकडून काढून घेते. दुष्काळात शहाणा गृहस्थ धान्य कुलपात ठेवतो, तसाच हा प्रकार. म्हणून हिरड्या पांढुरक्या पडतात, पंजे गार लागतात, नाडी जलद परंतु क्षीण होते. हिरडीवर बोट दाबून सोडले असता दोन सेकंदांत लाली परतली पाहिजे. ती रेंगाळली, तर संकट ओळखावे.

अशा वेळी तोंडावाटे दिलेले पाणी बहुतांशी वाया जाते, कारण आतड्यांचा रक्तपुरवठाच आटलेला असतो. शिवाय अर्धवट शुद्धीतील जनावराच्या श्वासनळीत ते उतरले, तर नवे संकट ओढवते.

आम्ही काय केले ते सांगतो. स्वच्छ टॉवेलची घडी जखमेवर घट्ट दाबून धरली. ती भिजल्यावर न काढता तिच्यावरच दुसरी ठेवली. वेदनेने बेभान झालेला कुत्रा आपल्या माणसालाही चावतो, म्हणून पंचाची पट्टी तोंडाभोवती सैलसर बांधली. श्वास लागताच ती सोडायची हे ठरवूनच. शाळेतील जुना लाकडी फळा उपयोगी पडला. त्यावर मोत्याला आडवे करून, चादर पांघरून, रिक्षाने पशुवैद्यकीय दवाखाना गाठला. शिपायाने वाटेत क्षणभरही हात काढला नाही.

डॉक्टरांनी हिरड्या पाहिल्या, पुढच्या पायावरचे केस कापले आणि शिरेत सुई घालून रिंगर लॅक्टेटची बाटली जोडली. मी म्हणालो, "डॉक्टर, भरभर सोडा, हवे तर दोन बाटल्या लावा." ते म्हणाले, "सर, घाई हवी, पण मोजून. आधी अडीचशे मिलिलिटर पंधरा मिनिटांत देतो. मग नाडी बघायची, हिरड्या बघायच्या आणि पुढचं ठरवायचं."

एके काळी अशा कुत्र्याला किलोमागे ९० मिलिलिटरपर्यंत सलाईन देण्याची रीत होती. आता त्याचा सुमारे चौथा हिस्सा द्यावा, तपासावे आणि लागले तरच पुन्हा द्यावे, असे मानतात. रक्तस्राव थांबण्यापूर्वी दाब फार चढविला, तर नुकतीच धरलेली गुठळी सुटते आणि रक्तही पातळ होते. दिलेल्या सलाईनपैकी सुमारे तीन हिस्से तासाभरात रक्तवाहिन्यांबाहेर झिरपून जातात. म्हणजे सलाईन ही उसनवारी आहे; तेवढ्या अवधीत फुटलेली वाहिनी बांधणे हे खरे काम. रक्त फारच गेले असेल, तर दुसऱ्या कुत्र्याचे रक्त द्यावे लागते.

मोत्याला तशी वेळ आली नाही. दुसऱ्या मात्रेनंतर हिरड्यांवर फिकट गुलाबी छटा दिसू लागली. डॉक्टरांनी वाहिनी बांधली, जखम शिवली. मी बाहेरच्या बाकावर बसून होतो. बारा वर्षांपूर्वीची ती कुत्री डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

हे ज्ञान आले कोठून, याचा पुढे मी शोध घेतला. १६६५ साली ऑक्सफर्ड येथे रिचर्ड लोअर या वैद्याने एका कुत्र्याचे रक्त मरणाच्या सीमेपर्यंत काढले आणि दुसऱ्या कुत्र्याचे रक्त देऊन त्याला पुन्हा उभे केले. १८८०च्या दशकात लंडनच्या सिडने रिंगर यांना आढळले, की बेडकाचे हृदय नुसत्या मिठाच्या पाण्यात फार काळ चालत नाही. नळाच्या पाण्यातील कॅल्शियम मिळाले की धडधडत राहते. १९३०च्या दशकात अमेरिकेतील बालवैद्य अलेक्सिस हार्टमन यांनी त्यात लॅक्टेटची भर घातली. आणि १९३० साली नॅशव्हिल येथे आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी दाखविले, की जबर दुखापतीनंतर रक्तदाब उतरतो तो कोणा गूढ विषामुळे नसून जखमी भागात गमावलेल्या रक्त-द्रवामुळे. त्यांचे ते प्रयोग कुत्र्यांवर झाले होते. अपघातात सापडलेल्या माणसाच्या उशाशी आज जी बाटली टांगली जाते, तिच्यामागे त्या मुक्या प्राण्यांचे रक्त आहे. मोत्याला मिळाली ती भूतदया म्हणावी, की जुन्या कर्जाची परतफेड?

मोत्या लंगडत का होईना, परत आला. त्या दिवशी अर्धवट राहिलेली कथा मी पूर्ण केली, तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, मग नाथांनी पाणी पाजलं ते बरोबर, आणि आम्ही पाजत होतो ते चूक?"

मी म्हणालो, "बाळ, तुमचे मन नाथांचेच होते. पण नाथांनी आधी ओळखले, की या जीवाला तहान लागली आहे. मोत्याला काय हवे आहे, हे आपण ओळखायला शिकायचे."

जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा फोन क्रमांक आता आमच्या वर्गातील फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेला असतो. तो पुसायचा नाही, असा मुलांनीच नियम केला आहे.