नियम ठरवताना तिला विचारलं का?

मैत्रिणींनो, मोबाइलवर बोट फिरवलं की ब्यूटिशियन दारात हजर! सोय झाली खरी. पण तिच्या कमाईतून कमिशन किती कापायचं, तिने काम नाकारलं तर काय, हे ठरवतात अ‍ॅप बनवणारे. तिला कुणी विचारत नाही. म्हणूनच ऑक्टोबर २०२१मध्ये गुरुग्रामला अर्बन कंपनीसाठी काम करणाऱ्या बायका रस्त्यावर उतरल्या. जादा कमिशन आणि सुरक्षितता, हेच त्यांचे प्रश्न होते.

मला इथे आपल्या पुण्याची आठवण होते. १९९३मध्ये कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन झाली. त्यातून पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८मध्ये महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. सभासद बहुतेक बायकाच, आणि मालकीही त्यांचीच. त्यामुळे त्यांचा त्रास कामाच्या पद्धतीत उतरतो. वापरलेले सॅनिटरी पॅड हाताने वेगळे करावे लागत, म्हणून ते कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, असं आवाहन झालं. एसी ऑफिसात बसून हे सुचलं असतं का?

२१ नोव्हेंबर २०२५पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. अ‍ॅपवर राबणाऱ्यांना कायद्याने ओळख मिळाली, हे चांगलंच झालं. पण अ‍ॅपचे नियम अजून कंपनीच्याच हातात आहेत. बचत गटात आपण हिशेबाची वही सगळ्यांसमोर उघडतो ना? मग अ‍ॅपची वही तेवढी झाकलेली का?