फुकटचा घोडा

धर्माच्या गायीचे दात पाहू नयेत, असे आपण म्हणतो. गायीच्या बाबतीत ते कदाचित चालून जाईल. घोड्याच्या बाबतीत, आणि विशेषतः शर्यतीच्या मैदानावरून उतरलेल्या घोड्याच्या बाबतीत, ही म्हण पाळणे म्हणजे शुद्ध वेडेपणा होय. जे सद्गृहस्थ आपला उतरलेला घोडा 'चांगल्या घरी' फुकट देऊन दानाचे समाधान मिळवितात, त्यांचे ते कृत्य दान नसून डोक्यावरचे देणे चुकविण्याचा एक सभ्य प्रकार आहे, एवढेच मला येथे मांडावयाचे आहे. घेणाऱ्यालाही मी निर्दोष समजत नाही. पण त्याच्याकडे मागून येतो.

प्रथम 'निवृत्त' या शब्दाचा समाचार घेतला पाहिजे. हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांसमोर पेन्शन घेणारा, अंगणात आरामखुर्ची टाकून बसलेला वृद्ध उभा राहतो. शर्यतीचा घोडा दोन वर्षांचा असतानाच धावू लागतो. त्या वयात त्याची हाडेदेखील पुरती भरलेली नसतात. पाठीच्या कण्याची वाढ पुरी व्हावयास पाच-सहा वर्षे लागतात. आणि पुष्कळांची कारकीर्द तर त्याच सुमारास आटोपते. कोणाच्या पायाची शीर दुखावते, कोणाला धाप लागते, कोणी केवळ मंद ठरतो. नीट सांभाळलेला घोडा पंचवीस वर्षे सहज जगतो. म्हणजे आपण ज्याला निवृत्त म्हणतो तो ऐन तारुण्यात असतो, आणि ज्याला आपण त्याचे आयुष्य समजतो ती केवळ त्याची प्रस्तावना असते. उरलेल्या वीस वर्षांचे काय, हा प्रश्न विचारला की मंडळी 'चांगल्या घरा'कडे बोट दाखवितात.

हैदराबादेत माझ्या एका स्नेह्यांनी असे 'चांगले घर' होण्याचे पत्करले होते. घराणे जुने, दिवाणखान्यात पणजोबांची तलवार, आणि आमचे पूर्वज घोड्यावरून अटकेपर्यंत गेले हे पाहुण्याला पहिल्या चहाबरोबर ऐकविण्याची प्रथा. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, सगळीकडे आपल्या लोकांत ही प्रथा आहे आणि मीही तिला अपवाद नाही. तर त्यांना एका परिचित मालकाकडून पाच वर्षांची तांबूस घोडी फुकट मिळाली. कपाळावर पांढरा पट्टा, मागच्या डाव्या पायात पांढरा मोजा, चाल अशी की पाहत राहावे. मुलगी सोळा वर्षांची. तिला घोड्यावर बसण्याची हौस. वृद्ध चाबूकस्वार बोलाविला गेला. त्याने घोडीचे पाय चाचपले, तोंड उघडून दात पाहिले आणि सांगितले, "साहेब, सहा महिने हिच्यावर बेबीला बसवू नका. मला द्या." स्नेह्यांनी त्याला पंधरा दिवसांचे पैसे दिले. फुकट मिळालेल्या वस्तूवर सहा महिन्यांचा खर्च करावयाचा, हे त्यांच्या हिशेबात बसेना.

तिसऱ्या आठवड्यात एक रिक्षा फटफटत बाजूने गेली. मुलगी घाबरली आणि घाबरलेला नवशिका जे करतो तेच तिने केले: लगाम गच्च आवळला. घोडी उधळली. मुलीचे गळपट्टीचे हाड मोडले, ते सुदैवाने जुळले. घोडीवर मात्र 'डोकेफिरू' असा शिक्का बसला, आणि तो शिक्का घेऊनच ती तीन महिन्यांत दोन हातांतून गेली.

आता ती घोडी उधळली का, हे समजून घेतले पाहिजे. कारण सारा वाद तेथेच आहे. शर्यतीच्या घोड्याला लगामाचा अर्थ 'थांब' असा शिकविलेलाच नसतो. भरधाव पळताना तो तोंडातल्या लोखंडावर भार टाकतो, आणि जॉकी दोन्ही बाजूंचा लगाम आखूड धरून त्याला तो आधार देतो. हात घट्ट झाला की मान लांबवून पुढे झेपावयाचे, हे त्याच्या अंगात पहाटेच्या शेकडो दौडींनी मुरलेले असते. मुलीने लगाम आवळला तेव्हा तिच्या भाषेत ती 'थांब' म्हणत होती. घोडीच्या भाषेत ती 'पळ' म्हणाली. घोडीने आज्ञा पाळली. जिने शिकविलेले सर्व चोख पाठ म्हणून दाखविले तिला आपण वेडी ठरविले!

असे आणखी किती तरी आहे. जॉकी शर्यतीला निघताना रिकिबीत पाय घालून सावकाश चढत नाही. चालत्या घोड्यावर मोतद्दार त्याचा पाय धरून त्याला वर उडवितो. म्हणून हा घोडा चढताना उभा राहत नाही, आणि आपण म्हणतो, खोडकर आहे. जॉकीचे खोगीर हातरुमालाएवढे आणि त्याचे गुडघे खोगिराच्या वर दुमडलेले. आपण मोठे खोगीर घालतो, लांब पाय सोडून त्याच्या बरगड्यांना टाच लावतो, आणि तो दचकला की म्हणतो, भित्रा आहे. तो एकटा रस्त्यावर कधी गेलेला नसतो. आपल्याकडे भाकरी का करपली, घोडा का अडला आणि पान का सडले, या तिन्ही प्रश्नांना 'फिरविले नाही म्हणून' हे एकच उत्तर देतात. या घोड्याची अडचण उलटी आहे. त्याला फिरविले आहे, पण एकाच कामासाठी आणि एकाच तऱ्हेने.

आणि हे झाले मनाचे; पोटाचे वेगळेच. घोड्याच्या जठरात आम्लरस अखंड पाझरत असतो, कारण निसर्गाने त्याला दिवसभर चरण्यासाठी घडविले आहे. शर्यतीच्या तबेल्यात त्याला भरपूर चंदी आणि बेताची वैरण मिळते आणि दिवसाचा बहुतेक वेळ तो चार भिंतींत उभा असतो. परिणामी अशा घोड्यांपैकी फार मोठ्या संख्येच्या जठरात व्रण आढळतात. तंग आवळताना जो घोडा कान पाडून चावावयास धावतो तो पुष्कळदा दुष्ट नसतो, दुखणाईत असतो. दातांचेही तसेच. दाढांच्या कडा झिजून धारदार झाल्या की गाल आतून कापला जातो, आणि लगाम लागताच तो मान झटकतो. म्हणून म्हणतो की फुकटच्या घोड्याचे दात पाहावेत, आणि वैद्याकडून पाहवून घ्यावेत.

चाबूकस्वाराने सहा महिने मागितले ते काय करण्यासाठी? पहिले कित्येक आठवडे काहीच न करण्यासाठी. घोड्याला मोकळ्या वाड्यात सोडावयाचे, चंदी हळूहळू उतरवीत वैरण वाढवावयाची, शर्यतीचे हलके नाल काढून खुरांना श्वास घेऊ द्यावयाचा, दुसऱ्या घोड्यांच्या संगतीत त्याला पुन्हा घोडा होऊ द्यावयाचे. मग लांब दोरीवर वर्तुळात दोन्ही हातांना फिरविणे, आवाजावर थांबणे, स्वार चढेपर्यंत उभे राहणे. त्यानंतर कदम, मग दुडकी, आणि संथ दौड सर्वांच्या शेवटी, कारण दौड सुरू झाली की जुनी आठवण जागी होते. वळणावर डावा पाय पुढे टाकावा की उजवा, हे त्याला नव्याने शिकावे लागते. पाठीचे जे स्नायू स्वाराला तोलून धरतात ते नव्याने घडावे लागतात. यात चमत्कार नाही, फक्त वेळ आहे. आणि वेळ म्हणजे दाणा, वैरण, नालबंद, वैद्य आणि चाबूकस्वाराची रोजी.

हे साधत नाही, असे कोणी म्हणू नये. मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर १९४२ साली निघालेल्या अ‍ॅमॅच्युअर रायडर्स क्लबात शर्यतीतून आलेल्या घोड्यांवर पिढ्या घोडेस्वारी शिकल्या. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या स्पर्धेत ज्या 'टच ऑफ क्लास' घोडीने दोन सुवर्णपदके मिळविली, तीही आधी शर्यतीत नाव न काढलेली घोडी होती. उलट १९८६ ची केंटकी डर्बी जिंकलेला 'फर्डिनंड' पुढे जपानला विकला गेला आणि २००२ साली तेथे त्याची कत्तल झाली. मैदानावरचा पराक्रम घोड्याला वाचवीत नाही. नंतर लाभलेला हात वाचवितो.

मग त्या हाताचा खर्च कोणी द्यावयाचा? माझे उत्तर सरळ आहे: ज्यांनी त्या घोड्याच्या पायांवर पैसा लावला आणि मिळविला त्यांनी. मालकाने, रेसक्लबाने आणि सरकारने.

सरकार यात कसे येते, असे विचारणाऱ्याने कराचे दर पाहावेत. १ ऑक्टोबर २०२३ पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. त्यातला एक रुपयाही घोड्याच्या पुढील आयुष्यासाठी राखावा, असे त्या कायद्यात कोठे लिहिलेले नाही. १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा जनावराला भुकेने-तहानेने तळमळावे लागेल अशा रीतीने वाऱ्यावर सोडणे हा गुन्हा मानतो, हे खरे. पण पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत! आणि दुसऱ्याला देऊन टाकणे म्हणजे वाऱ्यावर सोडणे नव्हेच. घोडा ज्याच्या हाती गेला त्याने तिसऱ्याला दिला, तिसऱ्याने वरातीच्या बँडवाल्याला, की पहिल्या मालकाचे हात धुतलेले.

याहून विलक्षण गोष्ट न्यायालयाची आहे. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूच्या खटल्यात निर्णय दिला की घोड्यांची शर्यत हा निव्वळ जुगार नसून कौशल्याचा खेळ आहे. त्याचा निकाल घोड्याचा वकूब, त्याची तयारी आणि जॉकीचे कसब यांवर अवलंबून असतो. या निर्णयाने शर्यतीचा धंदा तगला. म्हणजे घोडा हा शिकविलेला, कसबी प्राणी आहे हे आपण न्यायालयात शपथेवर सांगितले, त्याच्या शिक्षणाच्या बळावर स्वतःला जुगाराच्या कायद्यातून सोडवून घेतले, आणि मैदानाबाहेर पडताच तोच प्राणी शिक्षणावर खर्च करण्याच्या लायकीचा नाही असे ठरविले. वकिली म्हणून हे ठीक असेल. याला नीती म्हणत नाहीत.

बाहेरच्या देशांत हे पाप नाही असे मी म्हणत नाही. फर्डिनंडचे उदाहरण वर दिलेच आहे. पण ब्रिटनमध्ये शर्यतीच्या जगाने २००० साली अशा घोड्यांच्या पुनर्शिक्षणासाठी स्वतंत्र धर्मादाय संस्था उभारली, अमेरिकेत २०१२ साली अशा संस्थांची तपासणी करून त्यांना पैसा पुरविणारी यंत्रणा निघाली. तेथील लोक आपल्याहून कोमल मनाचे आहेत म्हणून नव्हे. प्रश्न उघड्यावर आला आणि लाज वाटू लागली म्हणून.

आपल्याला लाज वाटण्यासाठी परदेशी जाण्याचेही कारण नाही. ज्या अटकेच्या गोष्टी आपण सांगतो त्या पागेचा हिशेब कधी पाहिला आहे काय? शिवाजीमहाराजांच्या पागेत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. पावसाळ्यात मोहीम थांबली की घोडी छावणीत येत. त्यांचा दाणा, वैरण, औषध यांची तरतूद आधी झालेली असे. चिपळूणजवळ छावणी करून राहिलेल्या अंमलदारांना महाराजांनी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणावैरण आताच उधळून टाकाल आणि ऐन पावसात ती संपेल, तर उपाशी मरणाऱ्या घोड्यांची हत्या तुमच्याच माथी बसेल, असा त्याचा आशय आहे. लढाई संपल्यावर, घोडा उभा असताना, त्याच्या पोटाची जबाबदारी नाव घेऊन कोणावर तरी टाकणारे ते पत्र आहे. आमच्या स्नेह्यांच्या दिवाणखान्यात तलवार आहे. या पत्राची प्रत नाही. शिलेदार तो, ज्याचा घोडा स्वतःचा. बारगीर तो, ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळे. आजचे मालक शर्यत जिंकेपर्यंत शिलेदार असतात आणि हरताच बारगीर होतात.

शर्यतीच बंद करा, असे काही प्राणिप्रेमी म्हणतात. उद्या बंद झाल्या तरी आज तबेल्यांत उभे असलेले घोडे पुढची वीस वर्षे दाणा मागणारच आहेत. तेव्हा त्या वादाने या प्रश्नाचे काही सुटत नाही. शर्यतीच्या प्रत्येक बक्षिसातून ठरावीक हिस्सा कापून पुनर्शिक्षणासाठी ठेवावा. चाबूकस्वाराने लायक म्हटल्याशिवाय घोडा हौशी माणसाच्या हाती देऊ नये. आणि थरोब्रेडच्या जन्माची व वंशाची काटेकोर नोंद पुण्याच्या ज्या दप्तरात होते, तेथे प्रत्येक हस्तांतराची नोंद घोडा मरेपर्यंत चालू राहावी. ज्या घोड्याच्या खापरपणजोबाचे नाव आपण सांगू शकतो तो गेल्या वर्षी कोणाकडे होता हे सांगता येत नाही, हा काय प्रकार आहे? आणि घेणाऱ्यांनो, सहा महिन्यांचा खर्च झेपत नसेल तर घोडा घेऊ नका. हौसेला सायकल पुरते.

ती तांबूस घोडी मी गेल्या मार्गशीर्षात पाहिली. चादरघाटाच्या अलीकडे एक वरात चालली होती, बँड, दिवे, फटाके. कपाळावरचा पट्टा जरीच्या मुंडावळीने झाकला होता, म्हणून आधी ओळखले नाही. मागचा पाय पाहिला तेव्हा ओळखले. फटाका वाजताच नवरदेवाने लगाम गच्च आवळला. घोडी पुढे झेपावली, दोन माणसे तोंडाशी लोंबकळली, आणि मोतद्दाराने तिच्या नाकावर काठी मारली. स्नेह्यांना मी हे सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले की, आपण तर तिला चांगल्या घरीच दिली होती.

या मजकुराला कोणा मालकाला उत्तर द्यावयाचे असल्यास त्याने अवश्य द्यावे. माझ्या भाषेबद्दल तक्रार असली तरी चालेल. त्यात एवढे मात्र असावे, की गेल्या दहा वर्षांत आपण किती घोडे चांगल्या घरी दिले, आणि ते आज कोणाच्या दारात उभे आहेत.