वनपंचायतीत बसायचे कोणी?

हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २३ जुलै २०२५ रोजी एकमताने दिलेल्या सल्लागारी मतात हवामानाचे रक्षण हे राष्ट्रांचे कायदेशीर दायित्व असल्याचे स्पष्ट केले. स्वच्छ व निरोगी पर्यावरणाविना अन्य मानवी हक्कांना अर्थ उरत नाही, असेही त्यात अभिप्रेत आहे. या मागणीचा उगम कोणा मातब्बर मुत्सद्द्याच्या दालनात झाला नव्हता. पॅसिफिक महासागरातील वानुआतू या चिमुकल्या देशात कायदा शिकणाऱ्या २७ विद्यार्थ्यांनी २०१९ साली ती पुढे आणली. घोषणांच्या जोडीला हक्कांची परिभाषा त्यांना अवगत होती, हे महत्त्वाचे.

आपल्याकडील पर्यावरणप्रेमी तरुणांनाही मानवी हक्कांचे आणि स्त्रीवादी तत्त्वांचे प्रशिक्षण द्यावे, असा आग्रह आता धरला जातो. यातील दुसरा शब्द ऐकताच आपल्यापैकी अनेकांच्या कपाळावर आठी पडते. शब्द परका आहे, हे खरेच. पण त्यामागचा प्रश्न परका आहे काय?

चिपको म्हटले की १९७४ मधील रैणी गाव आणि गौरादेवी आठवतात. ती कथा सांगायला सोपी, कारण तीत जंगल तोडायला येणारा बाहेरचा आहे. त्याच चमोली जिल्ह्यातील डुंगरी-पैंतोलीची कथा मात्र व्याख्यानांतून फारशी ऐकू येत नाही. तेथे १९८० साली बटाट्याच्या शेतीसाठी ओकचे जंगल तोडायचे ठरले. मोबदल्यात रस्ता, शाळा, रुग्णालय, वीज मिळणार म्हणून गावच्या पुरुषांनी संमती दिली. जळण आणि चारा ज्यांनी आणायचा, त्या स्त्रियांना कोणी विचारलेच नाही. जंगल गेले असते तर त्यांची पायपीट कित्येक मैलांनी वाढली असती. आपल्याच घरच्यांचा रोष पत्करून त्या आडव्या आल्या, आणि गावच्या निर्णयात आपल्यालाही स्थान हवे, असे त्यांनी बजावले.

आपल्या मराठवाड्यातही चित्र वेगळे नाही. पावसाने हुलकावणी दिली की बीडमधून ऊसतोडीला 'कोयता' निघतो. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. मुकादमाची उचल जोडीच्या नावे, बोलणी मात्र नवऱ्याशी. खाडा झाला की दंड. पाळीच्या दिवसांतही विसावा परवडत नाही, म्हणून ऐन तारुण्यात गर्भाशय काढून घेणाऱ्या भगिनींचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. दुष्काळाचे हे रूप पर्जन्यमानाच्या आलेखात दिसत नाही. ते तरुण कार्यकर्त्यांना कोणी दाखवायचे?

सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली राज्यघटनेच्या कलम १४ व २१ मधून हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षणाचा हक्क मान्य केला आहे. तो हक्क नेमका कोणाच्या दारापर्यंत पोहोचत नाही, हे शोधायला शिबिरार्थींना दोन दिवस ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवर न्यावे. आणि शिबिरात व्यासपीठ मुलांकडे, चहापोह्यांची व्यवस्था मुलींकडे, ही जुनी वाटणी आयोजकांनी याच वर्षी मोडावी.